जुन्या एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये नेमकं कुठलं ऑइल टाकू? (१९७२, चार गिअर + ओव्हरड्राइव्ह)

हिरवी_एमजी:
मंडळी, सल्ला हवाय. वर्षभरापूर्वी १९७२ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली, गाडीवर जीव आहे म्हणून चुकीचं काही करायचं नाहीये. सकाळी थंड असताना दुसरा गिअर पडतच नाही, जोर लावला की कर्रर्र करतो, पाच-सहा किलोमीटर गेल्यावर बरा होतो. ओव्हरड्राइव्हचं (इंजिनचे फेरे कमी करणाऱ्या जादा गिअरचं) बटण दाबल्यावर तो उशिरा लागतो आणि लागला तरी चढावर घसरल्यासारखा वाटतो. आत कुठलं ऑइल आहे ते आधीच्या मालकालाही आठवत नाही. मेकॅनिक म्हणतो जुनी गाडी आहे, नव्वद नंबरचं जाड गिअर ऑइल टाका, आणि त्याने जो डबा दाखवला त्यावर जीएल-५ (गिअर ऑइलचा एक प्रकार) लिहिलंय. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात मात्र गिअरबॉक्सला २०डब्ल्यू-५० म्हणजे चक्क इंजिन ऑइल सांगितलंय. छपाईची चूक आहे का ही?

तेलकट_हात:
चूक नाही, पुस्तकच बरोबर आहे. एमजीबीच्या गिअरबॉक्सला कंपनीने इंजिन ऑइलच सांगितलेलं होतं. आणि तुमच्या गाडीत तर दुसरं मोठं कारण आहे, ओव्हरड्राइव्ह. लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सचंच ऑइल वापरतो, त्याचा छोटा पंप तेच ऑइल दाबाने पुढे ढकलतो आणि त्या दाबावर आतला शंकूच्या आकाराचा क्लच पकड घेतो. आता पकड घ्यायची जिथे गरज आहे तिथेच घसरणारं ऑइल टाकलं तर तो बिचारा धरणार कसा? म्हणून घर्षण कमी करणारी कुठलीही पावडर, मॉलीवाली ट्यूब वगैरे या गाडीत अजिबात नको, विकणारा काहीही सांगो.

मिनीवाली:
+१. माझ्याकडे जुनी मिनी आहे, तिचा गिअरबॉक्स तर इंजिनच्या संपमध्येच (खालच्या ऑइलच्या टाकीत) बसवलेला, एकच ऑइल दोघांना. तेव्हा इंजिन ऑइलवर गिअर चालत नाहीत असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

चौथा_गिअर:
मी जरा वेगळं सांगतो. चार वर्षं माझ्या जुन्या गाडीत जीएल-५ आहे, काही झालं नाही. गिअरबॉक्समधलं पितळ खातं पितळ खातं हे लोक उगाच घाबरवतात असं माझं मत. आणि नव्वदसारखं जाड ऑइल असताना पन्नास नंबर टाकून दातांना पुरेल का?

तेलकट_हात:
दोन वेगळे मुद्दे आहेत दादा, आधी नंबरचा घेतो कारण तिथे जवळजवळ सगळेच फसतात. गिअर ऑइलची आणि इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला नव्वदचं गिअर ऑइल साधारण १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (जाडीचं माप) भरतं आणि इंजिनचं पन्नास १६.३ ते २१.९. म्हणजे गरम झाल्यावर पन्नास हे साधारण नव्वदइतकंच जाड, बहुतेकदा थोडं जास्तच. फरक पडतो तो थंडीत, साधं एकाच ग्रेडचं नव्वद थंड असताना मधासारखं होतं आणि २०डब्ल्यू-५० त्या मानाने वाहतं. यांचा दुसरा गिअर सकाळीच का अडतो याचं एक कारण इथेच असू शकतं.

आता जीएल. जीएल-४ आणि जीएल-५ म्हणजे जुनं आणि नवीन, किंवा चांगलं आणि अजून चांगलं, असं नाहीये!! जीएल-५ हे हायपॉइड दातांसाठी, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलसाठी. तिथे दात एकमेकांवर घसटत फिरतात म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसचं प्रमाण जीएल-४च्या जवळपास दुप्पट असतं. हे गंधक तापलं की पितळेवर आणि ब्राँझवर चढतं. हल्लीच्या ऑइलमध्ये ते बरंच आवरलेलं असतं हे मान्य, त्यामुळे तुमच्या चार वर्षांवर मी शंका घेत नाही. पण गंज बाजूला ठेवला तरी सिंक्रोचा, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या भागाचा, प्रश्न राहतोच. सिंक्रोची पितळी रिंग गिअरच्या शंकूवरचं ऑइल पुसून काढून क्षणभर त्याला घट्ट धरते, तेवढ्यात दोन्हीचा वेग जुळतो आणि मग गिअर आत जातो. ऑइल फार निसरडं असेल तर ती धरत नाही, वेग जुळत नाही, आणि तुम्ही दांडा ढकलला की कर्रर्र. वर्षभर असं चाललं की रिंगेच्या बारीक रेघा झिजतात, मग कुठलंही ऑइल टाका, फरक पडत नाही.

मिनीवाली:
डब्यावर "जीएल-४/जीएल-५" असं दोन्ही लिहिलेलं असतं त्याचं काय?

तेलकट_हात:
त्यात गंधक जीएल-५ इतकंच असणार असं धरून चाला आणि पितळी सिंक्रो असेल तर फक्त जीएल-४ लिहिलेलं घ्या. ज्यांच्या पुस्तकात गिअर ऑइलच सांगितलंय त्यांनी साधं मिनरल ८०डब्ल्यू-९० जीएल-४ घ्यावं, सिंथेटिकच हवं तर रेड लाइन एमटी-९० आहे, ७५डब्ल्यू-९० जीएल-४. जुनी सीलं असली तर सिंथेटिक पाझरायला लागतं, ती तयारी ठेवा. सगळ्यांना एकच औषध नाही पण, डब्ल्यू१२३ मर्सिडीजच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) लागतं, तिथे नव्वद टाकलंत तर थंडीत दांडा हलणार नाही.

चौथा_गिअर:
पटलं, नंबरचं मला माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी जीएल-४ बघतो.

जुना_पाना:
ऑइल बदलायच्या आधी क्लच तपासा, नाहीतर दोष उगाच ऑइलवर जाईल. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, तरी तो आवाज न करता पडला पाहिजे. खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, हायड्रॉलिक्स बघा.
आणि एक, कृपया विसरू नका: आधी भरायची जागा उघडते का ते बघा, मगच खालचा प्लग काढा. वरचा अडकला आणि खालून सगळं काढून बसलात तर गाडी जागची हलत नाही. गाडी फिरवून गरम असताना काढा. प्लगला करडी पेस्ट लागली तर चालतं, सोनेरी चमक दिसली तर ती सिंक्रोची, आणि तुकडे निघाले तर बॉक्स उघडावा लागेल. ओव्हरड्राइव्हखालची जाळी पण त्याच वेळी धुवा, ती लोक सोडून देतात.

हिरवी_एमजी:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी केलं. रिव्हर्स न खरखरता पडला, म्हणजे क्लच ठीक. निघालेलं ऑइल काळं, घट्ट आणि गंधकाचा वास इतका की हात दोनदा धुवावे लागले, नक्की कुणीतरी गिअर ऑइलच भरलेलं होतं. करडी पेस्ट होती, थोडी सोनेरी चमकही दिसली. जाळी अर्धी बुजलेली होती, धुतली. मिनरल २०डब्ल्यू-५० भरलं. ओव्हरड्राइव्ह आता तिसऱ्या-चौथ्यात बटण दाबलं की लगेच लागतो, चढावरही धरून ठेवतो, विश्वास बसत नाही. दुसरा गिअर सकाळी पहिल्या एक-दोन वेळा अजून अडतो पण कर्र नाही करत. मागच्या एक्सललाही हेच टाकू का, उरलंय थोडं?

तेलकट_हात:
नको नको, तिथे हायपॉइड आहे. मेकॅनिकने दाखवलेला तो नव्वद जीएल-५चा डबा तिथे टाका. आणि दुसऱ्यासाठी थंड असताना घाई करू नका, एकदा न्यूट्रलला थांबून मग हलक्या हाताने टाका. पाचशे किलोमीटरवर हे ऑइल पुन्हा एकदा बदला, कोपऱ्यात राहिलेलं जुनं निघून येईल.