लो-कार्बवर एलडीएल १९६ झालं, डॉक्टरांनी ऐकून तर घ्यावं ना?

धागाकर्ता, धरमपेठ
सहा महिने झाले पोळी-भात बंद, रविवारचे तर्री पोहे पण सोडले. वजन ११ किलो उतरलं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४० चं ११० झालं, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३६ वरून ४८. फक्त एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १२८ चं १९६. डॉक्टरांनी त्या एका आकड्याला लाल पेनानं गोल केला अन् स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, लिहून दिली, काय खाता हे विचारलंच नाही. मी म्हटलं सर खाणं बदललं त्यानं वाढलं असेल का, तर म्हणे मोबाईलवर वाचून येऊ नका. लई वाईट वाटलं जी. बाकी सगळं सुधारून राहिलं त्या माणसाचं दोन मिनिटं ऐकायला काय जातं?

प्रतिसाद, मानेवाडा
बोलणं चुकलंच त्यांचं, पण गोळी नाही चुकली. एलडीएल १९० च्या वर गेलं की औषधाचा सल्ला देतातच, अन् एचडीएल वाढलं म्हणून एलडीएलचा धोका काही वजा होत नाही. माझे बाबा सडपातळ, शुगर नाही, तरी ५२ व्या वर्षी अटॅक आला. "बाकी सगळं छान आहे" हे आम्ही पण म्हणत होतो.

प्रतिसाद, डाएटिशियन
गोळीवर भांडण्याआधी सांगा, तूप-लोणी किती जातं पोटात? पोळी काढून त्या जागी तूप, मलई, पनीर भरलं की काही लोकांचं एलडीएल असं उडी मारतं. लो-कार्ब शेंगदाणे, जवस, मासे, साध्या तेलातल्या भाजीवर पण होतं. टीएसएच ही थायरॉइडची टेस्ट करा, थायरॉइड कमी असलं तरी एलडीएल वाढतं. आई-वडिलांचं कोलेस्टेरॉल पण विचारा, काही घरात ते जन्मापासूनच जास्त असतं. अन् जमलं तर अपोबी ही रक्ताची टेस्ट पण, त्यात एलडीएलसारखे वाईट कण किती ते कळतं.

धागाकर्ता
सकाळच्या कॉफीत दोन चमचे तूप, दुपारी भाजीवर लोण्याचा गोळा, रात्री पनीर. हे मी पण डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, ते खरं. पण विचारायचं काम त्यांचं होतं, हे मी मागे घेत नाही.

प्रतिसाद, मानेवाडा
नका घेऊ मागे. पण रागात गोळी टाळू नका बाप्पा, एवढंच.

धागाकर्ता
तूप आजपासून बंद. आठ दिवसाचं खाणं वहीत लिहितो, टीएसएच करतो अन् पुढच्या सोमवारी त्यांच्याकडेच जातो. आत्ताच गोळी की दोन महिन्यांनी परत टेस्ट, ते त्यांनीच ठरवावं, पण वही वाचून.