मदत हवी आहे: लिस्बनहून फातिमाची एक दिवसाची सहल, वयस्कर आई-बाबांसाठी कोणती निवडावी?

वसईची_वाट:

नमस्कार. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन पोर्तुगालला जाण्याचे ठरले आहे. मुक्काम लिस्बनमध्ये असेल. मात्र या प्रवासाचे खरे कारण फातिमा हे पवित्र मरिया मातेचे तीर्थस्थान हेच आहे. आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्या वाडीत फातिमा मातेची मूर्ती घरोघर फिरते, आणि ती आमच्याकडे येते त्या संध्याकाळी जपमाळेची सुरुवात आईनेच करायची, असा अलिखित नियम आहे. त्यामुळे तिच्या दृष्टीने लिस्बन हे केवळ वाटेतले एक स्थानक आहे.

लिस्बनहून गाइडसह निघणाऱ्या सहलींची माहिती वाचली तेव्हा बहुतेकांचा साचा एकच असल्याचे दिसले. सकाळी आठ-साडेआठला शहराच्या मध्यवर्ती चौकातून निघायचे, फातिमा, बाताल्याचा मठ, नझारेचा समुद्रकिनारा आणि ओबिदुशचे तटबंदीचे गाव अशी चार ठिकाणे करायची आणि संध्याकाळी सहाच्या आसपास परत यायचे. यात फातिमाच्या वाट्याला दीड ते दोन तास येतात. तेवढ्या वेळात मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना), मेणबत्ती लावणे आणि मातेचे दर्शन झालेल्या तिन्ही बालकांच्या कबरींचे दर्शन हे सारे निवांतपणे होते का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

आईला रात्रीची मेणबत्त्यांची मिरवणूक पाहायची आहे, आणि ती दिवसाच्या कोणत्याही सहलीत बसत नाही असे दिसते. शिवाय तिथे भाविक गुडघ्यांवर चालत चॅपेलपर्यंत, म्हणजे दर्शनाच्या जागी असलेल्या छोट्या प्रार्थनागृहापर्यंत, जातात, हे तिने ऐकले आहे आणि तसे करण्याचे तिच्या मनात आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली असल्यामुळे मला त्याची धास्ती वाटते. बाबांचे म्हणणे असे की, गाइड असला म्हणजे चुकामूक होत नाही आणि कुठे काय आहे ते समजते, म्हणून सहलच घ्यावी. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तेजोकाठी:

नमस्कार. मी बरीच वर्षे लिस्बनमध्ये राहतो आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना फातिमाला नेण्याचे काम आपसूकच माझ्याकडे येते. माझे मत आधीच सांगतो: ज्यांच्या प्रवासाचे कारणच फातिमा आहे, त्यांनी चार ठिकाणांची सहल घेऊ नये. ती सहल वाईट नसते. ती पर्यटकांसाठी आखलेली असते आणि तिथे प्रार्थनेसाठी वेळ ठेवलेला नसतो.

दोन तासांचा हिशोब कसा लागतो ते पाहा. बस वाहनतळावर थांबते आणि तिथून प्रांगणापर्यंत चालत जावे लागते. हे प्रांगण इतके विस्तीर्ण आहे की, एका टोकाला २००७ साली खुली झालेली पवित्र त्रैक्याची वर्तुळाकार बॅसिलिका (मोठे चर्च) आणि दुसऱ्या टोकाला १९५३ साली अभिषेक झालेली जपमाळ मातेची जुनी बॅसिलिका, यांतले अंतर वयस्कर माणसाला एका दमात पार करणे जड जाते. मध्ये सावली अशी नाहीच. त्यात गाइडची माहिती, स्वच्छतागृहाची रांग आणि भेटीच्या ठिकाणी वेळेवर परतण्याची घाई वजा केली, तर हातात एक तास उरतो. त्या तासात मिस्सा मिळेलच असे नाही, कारण सहलीची वेळ मिस्सेच्या वेळापत्रकावर ठरत नाही. आपणच तीर्थस्थानाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचे वेळापत्रक पाहून त्यानुसार जाण्याची वेळ ठरवावी.

जागेचे महत्त्व आई-बाबांना ठाऊक असेलच, तरी प्रत्यक्ष काय कुठे आहे ते लिहितो. १९१७ च्या १३ मेपासून १३ ऑक्टोबरपर्यंत लुसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता या मेंढपाळ बालकांना ज्या कोव्हा दा इरियामध्ये दर्शने झाली, तिथेच आजचे उघडे चॅपेल आहे. ज्या छोट्या ओकच्या झुडपावर माता दिसली असे बालकांनी सांगितले, ते झुडूप होते नेमक्या त्याच जागी मूर्तीचा खांब उभा आहे. जवळचा मोठा ओक वृक्ष मात्र अजून आहे. जुन्या बॅसिलिकेत वेदीकडे तोंड करून उभे राहिल्यास डावीकडे जसिंता आणि लुसिया यांच्या कबरी आहेत व उजवीकडे फ्रान्सिस्कोची. फ्रान्सिस्को आणि जसिंता ही धाकटी दोन भावंडे १९१८ साली सुरू झालेल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली आणि २०१७ साली, दर्शनांच्या शताब्दीला, पोप फ्रान्सिस यांनी त्यांना फातिमातच संत घोषित केले. सहलीच्या घाईत अनेक जण एकीकडचीच कबर पाहून बाहेर पडतात. पापनिवेदन करायचे असल्यास त्याची सोय नव्या बॅसिलिकेच्या खालच्या मजल्यावर आहे आणि धर्मगुरू अनेक भाषांत उपलब्ध असतात.

मिरवणुकीबद्दल: ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत रोज रात्री साडेनऊला चॅपेलमध्ये जपमाळ सुरू होते, तिचे एकेक दशक (दहा प्रार्थनांचा गट) वेगवेगळ्या भाषेत म्हटले जाते आणि त्यानंतर मूर्तीमागून सगळे प्रांगणात मेणबत्त्या घेऊन चालतात. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून मेणबत्तीभोवती कागदी झडप लावतात. गीताचे ध्रुवपद आले की हजारो हात एकदम वर जातात. हे सारे संपेपर्यंत साडेदहा होऊन जातात आणि त्या वेळी लिस्बनला परतण्यासाठी सोयीची बस मिळणे अवघड असते. म्हणून माझा सल्ला असा की, एक रात्र फातिमातच राहावे. धर्मसंघांनी चालवलेली साधी, स्वच्छ अतिथिगृहे प्रांगणापासून चालण्याच्या अंतरावर आहेत. मुक्काम शक्यच नसेल तर दुपारी निघून रात्री उशिरा परतणारी, केवळ मिरवणुकीसाठी आखलेली सहल शोधावी. हंगामात काही कंपन्या तशी ठेवतात.

रानमोगरा:

आम्ही सासूबाईंना घेऊन चार ठिकाणांची सहल केली होती, म्हणून दुसरी बाजू मांडते. कंपनीचे नाव घेत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नव्हता. गाइड एकच होता आणि तो प्रत्येक गोष्ट आळीपाळीने तीन भाषांत सांगत होता, त्यामुळे इंग्रजीच्या वाट्याला फार थोडे आले. फातिमात त्याने पटांगणाच्या कडेला उभे राहून माहिती दिली आणि चॅपेलजवळ शांतता पाळायची असते म्हणून तिथे तो आलाच नाही. म्हणजे जिथे समजून घ्यायचे होते तिथे आम्ही एकटेच होतो. बाबांची जी अपेक्षा आहे ती मोठ्या बसच्या सहलीत पुरी होईल, असे मला वाटत नाही.

मेणबत्तीबद्दल मात्र जरूर सांगावेसे वाटते. चॅपेलच्या शेजारी मेणबत्त्या लावण्याची जागा आहे. मेणबत्त्या आपण स्वतः घ्यायच्या आणि दानपेटीत पैसे टाकायचे. सासूबाईंच्या मनात होते की, आपली मेणबत्ती नीट उभी राहावी, थोडा वेळ तिच्याजवळ थांबावे. पण तिथली धग इतकी असते की शेजारच्या ज्वाळांनी मेणबत्ती पेटायच्या आधीच वाकू लागते, खाली मेणाचे ओघळ वाहत असतात, आणि लोक दुरूनच हात लांब करून ती अडकवतात व मागे सरतात. हे आधी सांगितलेले बरे, म्हणजे ऐन वेळी हिरमोड होत नाही. मोत माउलीला वाहतात तसे मेणाचे हात, पाय, हृदय इथेही मिळतात. आईंनी गुडघ्यांसाठी मेणाचा पाय वाहिला तर गुडघ्यांवर चालण्याचा विषय कदाचित आपोआप मागे पडेल, असे मी आपले सुचवते.

उत्तनची_होडी:

गुडघ्यांवर चालण्याविषयी. प्रांगणाच्या वरच्या भागातून चॅपेलपर्यंत त्यासाठी गुळगुळीत फरशीची वेगळी पट्टी आहे आणि ती उताराची आहे. तरुण माणसेसुद्धा गुडघ्यांना पॅड बांधून, शेजारी कुणाचा तरी हात धरून जाताना मी पाहिली आहेत. ही प्रथा कुणावर बंधनकारक नाही. लोक आपापला नवस म्हणून ती पाळतात. त्याच पट्टीच्या बाजूने जपमाळ म्हणत सावकाश चालत जाणारेही बरेच असतात. आईंनी अजून नवस बोलला नसेल तर आपल्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) फादरांशी तिने एकदा बोलून घ्यावे. मुलाने अडवले तर ती ऐकणार नाही. फादरांनी सांगितले तर ऐकेल, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

जुनेपाने:

मी ख्रिस्ती नाही, इतिहासाच्या ओढीने गेलो होतो, त्यामुळे माझे मत थोडे वेगळे पडेल. बाताल्या सरसकट वगळू नये असे वाटते. १३८५ च्या अल्जुबारोताच्या लढाईत शेजारच्या कास्तीया (कॅस्टील) राज्यावर मिळालेल्या विजयाची कृतज्ञता म्हणून हा मठ उभारला गेला आणि ज्या राजपुत्र हेन्रीच्या प्रोत्साहनाने पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली सरकू लागली, त्याची कबरही इथेच आहे. तीच जहाजे पुढे आपल्या किनाऱ्याला लागली आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, हे लक्षात घेतले तर वसईच्या माणसाने त्या कबरीसमोर क्षणभर थांबणे अगदीच अप्रस्तुत ठरणार नाही. मुख्य चर्च विनाशुल्क पाहता येते. कबरींच्या दालनासाठी आणि ओवऱ्यांसाठी तिकीट लागते. ओबिदुश मात्र खुशाल सोडावे. खडबडीत दगडी गल्ल्या, चढउतार आणि चॉकलेटच्या वाटीतून मिळणारी चेरीची दारू यांसाठी झिजलेल्या गुडघ्यांना त्रास देण्यात अर्थ नाही.

वसईची_वाट:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तनची_होडी यांची सूचना आजच अमलात आणली. आई रविवारी मिस्सेनंतर फादरांना भेटणार आहे. तेजोकाठी, एक रात्र मुक्काम करण्याचे जवळजवळ ठरवले आहे. पण बाबांना माहिती सांगणारे कुणीतरी हवेच आहे. मोठी सहल न घेता त्यांचे समाधान कसे करावे? आणि लिस्बनहून जाण्यासाठी रेल्वे बरी की बस? नकाशावर फातिमा नावाचे स्थानक दिसते आहे.

तेजोकाठी:

रेल्वेने जाऊ नये. त्या स्थानकाचे नाव फातिमा असले तरी ते तीर्थस्थानापासून सुमारे वीस किलोमीटर दूर आहे आणि पुढे वाहन मिळवण्यात वेळ जातो. लिस्बनच्या सेते रियुश बसस्थानकावरून थेट एक्सप्रेस बस सुटतात आणि साधारण दीड तासात फातिमाला पोहोचवतात. बसस्थानकापासून प्रांगण चालत गाठता येते. बॅगा आधी अतिथिगृहात ठेवाव्यात.

बाबांसाठी असे करता येईल. फातिमात पोहोचल्यानंतर दुपारच्या वेळेसाठी इंग्रजी बोलणारा स्थानिक गाइड फक्त तुमच्या कुटुंबापुरता ठरवावा आणि त्याच्यासोबत गाडीने अल्जुश्त्रेलला जावे. बालकांची घरे तिथे जपून ठेवली आहेत. चुन्याने रंगवलेल्या भिंती, लहान खिडक्या आणि माणसाला वाकून आत जावे लागेल असे दरवाजे आहेत. ही घरे पाहिल्यावर या मुलांचे आयुष्य केवढ्याशा जगात गेले असेल, ते कुणी न सांगताही कळते. वाटेत वालिन्युश लागते. १३ ऑगस्ट १९१७ ला स्थानिक प्रशासकाने मुलांना अडकवून ठेवल्यामुळे त्या महिन्याचे दर्शन कोव्हा दा इरियाऐवजी १९ तारखेला तिथे झाले. चार ठिकाणांच्या सहलीत बहुधा हाच भाग गाळला जातो, आणि गाइडचा खरा उपयोग इथेच आहे, कारण प्रांगणात तर बोलायचेच नसते.

बाबांना रस असेल तर तीर्थस्थानाच्या प्रदर्शनात मातेचा रत्नजडित मुकुटही पाहता येतो. १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर झाडलेली गोळी त्यात बसवलेली आहे. मोठ्या सणांच्या दिवशीच तो मूर्तीच्या मस्तकी असतो.

तारखांबाबत: सप्टेंबरची १२-१३ आणि ऑक्टोबरची १२-१३ या दोन्ही मोठ्या यात्रांच्या मधल्या काळात आपण येत आहात, ते उत्तम. शक्यतो शनिवार-रविवार टाळावा. जागा थोडी उंचावर असल्यामुळे सप्टेंबरात दुपारी ऊन आणि रात्री गारठा असतो, तेव्हा मिरवणुकीसाठी आईंची शाल आणि बंद बूट जवळ असू द्यावेत. चॅपेलच्या छताखाली बाके आहेत. नऊच्या आधी पोहोचल्यास बसायला जागा मिळते, आणि आईंना पूर्ण फेरी चालणे झेपले नाही तर मूर्ती परत येईपर्यंत त्यांना तिथेच बसून राहता येईल.

वसईची_वाट:

वालिन्युशची आणि बाकांची माहिती फार उपयोगाची आहे. मंगळवारी सकाळी जाऊन बुधवारी दुपारी परतायचे, असे आता ठरवत आहे. बाताल्या बुधवारी परतताना टॅक्सीने करता येईल का, हे कुणी सांगू शकेल?

जुनेपाने:

सहज करता येईल. फातिमाहून बाताल्या वीस किलोमीटरच्या आतबाहेर आहे. अतिथिगृहातूनच टॅक्सी ठरवून जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे मिळून भाडे आधी पक्के करून घ्यावे, बॅगा अतिथिगृहातच राहू द्याव्यात आणि लिस्बनच्या बसचे तिकीट दुपारी तीननंतरचे काढावे.