मदत हवी आहे: पेशवाईचा ‘ऱ्हास’ की ‘उतरती कळा’?

मंडळी, पेशवाईवरच्या पुस्तकाचं मुद्रितशोधन चालू आहे, इथलंच, सदाशिव पेठेतलं काम. १७६१ ते १८१८ या प्रकरणाचं शीर्षक आहे ‘पेशवाईचा ऱ्हास’. ऱ्हास म्हणजे सलग झीज; जमिनीचा होतो, जंगलाचा होतो. पण मधे थोरल्या माधवरावांनी १७७२पर्यंत घडी पुन्हा बसवली होती. म्हणून मला ‘उतरती कळा’ पटते, ती सावरूही शकते. ‘अधोगती’त ठपका येतो, ‘घसरण’ रुपयाची शोभते. तुमचं मत?

दुसरं, फाइलभर ‘र्हास’ उमटलंय. साध्या ‘र’ला हलन्त दिला की रफार होतो, ‘ऱ’ घ्यायला हवा. सरसकट बदलावं, तर ‘अर्हता’, ‘गर्हणीय’ बिघडतील. खऱ्या रफाराचे असे आणखी शब्द कुणी सांगेल का?