पुलाखाली ब्लँकेटं वाटायची की निवारा मागायचा?

बारा_बलुतं:
डिसेंबर लागला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेघरांना ब्लँकेटं वाटल्याचे फोटो सुरू. माझ्या मते हे वाटप बंदच करावं. एकाच पुलाखाली आठवड्यात तीन ग्रुप येतात, स्टेशनच्या मागच्या बाजूला कुणी फिरकत नाही. दिवसा ब्लँकेट ठेवायचं कुठे? अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की गाठोड्यासकट जातं. जूनमध्ये ताडपत्री लागते, तेव्हा सगळे गप्प. २०२४ पर्यंत चाललेल्या केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या सूचनांप्रमाणे शहरात लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची निवाऱ्याची सोय हवी होती, माणशी ५० चौरस फूट, बाराही महिने. वर्गणी गोळा करण्यापेक्षा नगरसेवकाच्या मागे लागा.

नाक्यावरचा:
आणि निवारा झाला तरी लोक जात का नाहीत, ते कोण बघणार? बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. कुटुंब मोडण्यापेक्षा माणसं फुटपाथ धरतात. मजूर अड्ड्यावर सकाळी आठच्या आत उभं राहिलं नाही तर रोज बुडाला, मग दोन बस बदलून येणार कोण? भंगारवाल्याची हातगाडी आत घेत नाहीत. थंडी काही नगरसेवकाची वाट बघत थांबत नाही. वाटा, पण आधी विचारून वाटा. बहुतेकदा चप्पल, साबण आणि सुलभमधल्या आंघोळीचे पैसे हवे असतात.

प्राजक्ता_२२:
खिचडीवाल्यांनाही सांगा कुणीतरी. दुपारी शिजवून बंद डब्यात भरलेली खिचडी रात्री दहाला वाटतात. चार तासांच्या वर गेली की बिघडू शकते, आणि जुलाब झालेल्या माणसाला रात्री संडास उघडा मिळत नाही. केळी, चणे, राजगिऱ्याची चिक्की द्या.

बारा_बलुतं:
हातगाडीचा मुद्दा मान्य. मग निवाऱ्यालाच कुलपाचं आवार मागा ना! वाटपाने पुढच्या वर्षीही तीच माणसं तिथेच.

कागदी_घोडा:
पालिका दाद कुणाला देते? मतदाराला. बेघराला मतदार यादीत यायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. नमुना ६ मध्ये, म्हणजे नाव नोंदवायच्या अर्जात, झोपायची जागा लिहायची. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, रात्री येऊन, एकापेक्षा जास्त रात्री, माणूस तिथेच झोपतो का ते बघतो. अडतं इथेच: नेमकं त्याच आठवड्यात पोलीस सगळ्यांना हुसकावतात आणि अर्ज फेटाळला जातो. त्यामुळे अर्ज भरून घेणाऱ्याने बीएलओशी रात्र ठरवून सोबत उभं राहायचं. ब्लँकेटवाल्या ग्रुपकडे रात्री फिरणारी माणसं आहेतच, हे काम त्यांनाच जमेल.

नाक्यावरचा:
हे पटलं. फक्त स्वतःशी बडबडणाऱ्या, भान नसलेल्या माणसाला ‘निवाऱ्यात नेतो’ म्हणून कुणी गाडीत कोंबू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम १००: पोलीस ठाण्याला कळवा. त्यांनी संरक्षणात घेतल्यापासून २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं, कोठडीत ठेवता येत नाही. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.