एप्रनच्या मुंढ्यावर गोट पिळतोय, मदत हवी आहे

निळी_बॉबिन: मैत्रिणींसाठी एप्रन शिवतेय. मुंढ्याच्या (बगलेजवळच्या कडेच्या) गोलाव्यावर गोटाला, म्हणजे कडेवर दुमडून लावलेल्या पट्टीला, तिरक्या चुण्या पडतात. सरळ बाजूंना छान बसलाय. उसवून पुन्हा लावला तरी तेच. लवकर सांगा, बाकीचे कापून पडलेत.

कातरकाम: कापड कोणतं? पट्टी उरेब (कापडावर तिरकी कापलेली) की सरळ? रुंदी किती? चुण्या पहिल्या टिपेला पडतात की दुसऱ्या?

तुरपाई: दोऱ्याचा ताण जास्त आहे. वरचा डायल ४ वरून ३ वर आणा.

कातरकाम: ताणाचा दोष असता तर सरळ बाजूही आक्रसली असती.

तुरपाई: गोलाव्यावर कापड तिरकं येतं, तिथे घट्ट टीप लगेच दिसते. चिंधीवर बघायला काय हरकत आहे?

उभा_धागा: गोट हवाच कशाला? मुंढ्याच्याच आकाराची ५ सेंमी रुंद पट्टी आतून द्या. सुलट बाजू समोरासमोर ठेवून टीप, शिलाईपर्यंत कात्रे (कडेला छोटे काप), उलटवून इस्त्री. काम संपलं.

निळी_बॉबिन: कॅनव्हास आहे, गोट पातळ सुती. पट्टी उरेबच, ४ सेंमी. तयार गोट १ सेंमी. पहिली टीप नीट येते, दुसरीला पीळ पडतो. टाचण्या लावल्या होत्या.

कातरकाम: मग ताण नाहीच. मशीनचे सुईखालचे दाते खालचा थर पुढे ओढतात, फूट (कापड वरून दाबणारा भाग) वरचा थर मागे रेटतं. गोटाची दुमडलेली कड त्यात मागे राहते आणि पट्टी तिरकी पिळते. त्यात रुंदीही कमी आहे. कॅनव्हासच्या जाडीवरून वळताना २-३ मिमी जातात, मग कड टिपेपर्यंत पोचवायला आपण ओढतो आणि पीळ वाढतो. पट्टी ४.५ सेंमी कापा.

आधी मुंढ्याच्या कडेपासून ५ मिमीवर नुसत्या कॅनव्हासवर एक टीप मारा, म्हणजे गोलावा सैल पडणार नाही. पट्टीला वाफेच्या इस्त्रीने मुंढ्याचा बाक द्या. पहिली टीप उलट बाजूने, पट्टी किंचित ताणून. कापड अजिबात ताणायचं नाही. पट्टी सुलटीकडे वळवली की टाचण्या नकोत, हाताने १ सेंमीचे कच्चे टाके घाला. पीळ थांबतो तो इथेच. मग फुटाचा दाब कमी करून ३ मिमीच्या टाक्याने कडेलगत टीप. सुई १६ नंबरची.

उभा_धागा: आणि कात्रे? त्याशिवाय गोलावा कसा बसेल?

कातरकाम: ते तुमच्या आतल्या पट्टीला लागतात, कारण तिथे कड पूर्ण उलटते. गोटात ती जागच्या जागी झाकली जाते. इथे कात्रे मारले तर मुंढा ताणला जाईल.

रीळ_नंबर_४०: गळ्याचा पट्टा शिवून बंद करू नका. एकच लांब पट्टा दोन्ही मुंढ्यांच्या कडेच्या नेफ्यांतून ओवा, गळा आणि कंबर एकत्र सैल-घट्ट होतात.

कातरकाम: तसं करायचं तर मुंढ्याला गोट नाही, ३ सेंमीचा नेफा लागतो. इथला प्रश्न तो नाही. बॉबिन, कापण्याआधी कॅनव्हास धुतलं होतं का?

निळी_बॉबिन: नाही. आता काय करू?

कातरकाम: कापलेल्या तुकड्यांच्या कडांना झिगझॅग मारा, नाहीतर दोरे सुटतील. गरम पाण्यात भिजवा, पिळू नका, आडवे पसरून वाळवा. इस्त्री करून कागदी नमुन्याशी ताडून बघा. लांबी आटली असेल तर ती खालच्या दुमडीतून काढा, मुंढा तसाच राहू द्या. गोटाचं कापडही धुवा, पट्ट्या कापण्याआधी.