चाळिशीनंतर एडीएचडीची गोळी कमी पडते का?

आभा
वय ४६, एडीएचडीसाठी (लक्ष न टिकण्याचा, चंचलतेचा त्रास) मिथाइलफेनिडेट ही गोळी चालू. पाळी मागेपुढे होतेय. गोळी तीच, पण विसरणं आणि चिडचिड वाढलीय. आधी मानसोपचारतज्ज्ञ की स्त्रीरोगतज्ज्ञ?

रेवा
ताई, दोघांनाही दाखवा, पण नोंदी घेऊन जा. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन मेंदूतल्या डोपामिनच्या (लक्ष टिकवायला लागणारं रसायन) कामाला हातभार लावतं. पाळी थांबण्याआधीच्या या वर्षांत ते सरळ उतरत नाही, वरखाली होत राहतं. म्हणून काही दिवस ठीक, काही दिवस काहीच सुचत नाही. दोन-तीन महिने रोज चारच गोष्टी लिहा: पाळी, झोप, गोळीची वेळ, लक्ष (१ ते ५). वही हरवतेच, त्यापेक्षा फ्रिजवर कॅलेंडर लावा आणि पेन दोऱ्याने त्यालाच बांधा. घसरण पाळीआधीच्या आठवड्यात दिसली तर डॉक्टरांना डोस ठरवायला आधार मिळतो. स्वतः वाढवू नका.

मंजूमावशी
टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड किंवा लोह कमी असलं तरी डोकं असंच जड होतं. एफएसएच या हार्मोनच्या तपासणीवर पैसे घालवू नका, या वयात तो सारखा बदलतो. रक्तदाब आणि नाडी मात्र मोजा. गोळीने दोन्ही वाढू शकतात.

निशिगंधा
डॉक्टरांनी या त्रासासाठी हार्मोनची औषधं सुरू केली तर एक लक्षात ठेवा: गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन हवंच, नाहीतर आतलं अस्तर जाड होतं. प्रोजेस्टेरॉनने काहींचा मूड ढासळतो, तेही कॅलेंडरवर लिहा. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर आधीच सांगा.