बेल एअरला चार गिअरचा ऑटोमॅटिक बसेल का?

फोंड्याहून: आजोबांनी पोर्तुगीज काळात घेतलेली १९५७ ची शेवरोले बेल एअर, २८३ व्ही-८. मूळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पॉवरग्लाइड, त्याला गिअर दोनच. चोर्ला घाटात इंजिन नुसतं ओरडतं. परवा वळणावर थांबलो, तर गिअरबॉक्सखाली लाल तेलाचं थारोळं. आजोबा तिला कुणाला हात लावू देत नसत, म्हणून जीव धजत नाही. पण गाडी शोभेला ठेवायची नाही, चालवायचीय. ७००आर४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवू का?

म्हापशाहून: बसतो. तुमच्या खालच्या गिअरचा रेशो १.८२, याच्या पहिल्याचा ३.०६; रेशो जास्त तितकी चढाला ओढ जास्त. घाटात फरक लगेच कळेल. इंजिनाचे बोल्ट जुळतात, पण या गाडीत मागचे माउंट (आधार) बेलहाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या तोंडाच्या कवचावर असतात. म्हणून नवा क्रॉसमेंबर, म्हणजे गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा दांडा लागेल, प्रॉपेलर शाफ्टही कापून बॅलन्स करावा लागेल. आणि दादा, कार्ब्युरेटरकडून येणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल नीट लावा. सैल राहिली की तेलाचं प्रेशर पडतं, क्लच जळतात. माझे पहिल्याच आठवड्यात जळले, तेल काळं झालं, करपट वास दोन दिवस गॅरेजमध्ये होता.

डिचोलीहून: क्रॉसमेंबर बोल्टने बसवा, चॅसी कापू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते, पण चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. जुना पॉवरग्लाइड जपून ठेवा.

फोंड्याहून: ठेवतो, आजोबांच्याच खोलीत. केबलचं बरं सांगितलंत, भाऊ. जोडताना फोन करीन.